राडारोड्यावरची बाग

न्यूयॉर्क शहरातील मॅनहटन बेटाच्या दक्षिण भागात, जुन्या दाट वस्तीत, बॉवरी आणि हाउस्टन हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. (टेक्ससमधील शहर ते ह्यूस्टन, पण न्यूयॉर्कमधील हा रस्ता मात्र हाउस्टन. याबाबतीत तेथील लोक फार काटेकोर आहेत.) बॉवरी हे नाव डच भाषेतील शेतवाडीच्या शब्दावरून आले आहे. सतराव्या शतकात हे गाव डचांच्या ताब्यात होते तेव्हा या वाटेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या वाड्या होत्या. पुढे शेते गेली, घरे आली, नाटकगृहे आली, दारूचे गुत्ते आले आणि विसाव्या शतकाच्या मध्याला बेघर व व्यसनी माणसांचा रस्ता म्हणून बॉवरी ओळखली जाऊ लागली. नावातले शेत तेवढे शिल्लक राहिले.

१९७३ साली या चौकाच्या ईशान्य कोपऱ्यावर जमिनीचा एक लांबट तुकडा पडून होता. तेथे विटांचे तुकडे, गिलाव्याचे ढेकळे, काचा, मोडके फर्निचर आणि आसपासच्या लोकांनी आणून टाकलेला कचरा असा ढीग साचला होता. त्याच तुकड्यावर काही हौशी मंडळींनी बाग केली आणि ती आजही तेथे आहे. न्यूयॉर्कमध्ये आज ज्या शेकडो सामुदायिक बागा दिसतात त्यांच्या इतिहासाचे आधुनिक पर्व साधारणपणे या बागेपासून धरले जाते. झाडे लावणाऱ्या माणसांची कौतुककथा म्हणून ही हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे. आपण ती थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. ज्या जमिनीविषयी कोणत्याच पुस्तकात धड माहिती नव्हती, त्या जमिनीविषयीचे ज्ञान या माणसांनी कसे मिळवले आणि ते एकमेकांपर्यंत कसे पोचवले, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

आधी एक प्रश्न. जगातील अत्यंत महाग जमिनींत ज्याची गणना होते त्या मॅनहटनमध्ये जमीन मोकळी पडलीच कशी? दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मध्यमवर्ग उपनगरांकडे सरकू लागला, कारखाने बंद पडू लागले. जुन्या चाळीवजा इमारतींचे भाडे दुरुस्तीच्या खर्चालाही पुरेना. घरमालकांनी कर भरणे सोडले, काही इमारती जळल्या, काही जाळल्या गेल्या, उरलेल्या धोकादायक ठरवून पाडण्यात आल्या. कर थकल्यामुळे जागा महापालिकेकडे आल्या, पण महापालिकेकडेही पैसा नव्हता. १९७५ साली तर न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात शहरात असे सुमारे २५,००० रिकामे भूखंड होते, असा एक अंदाज आहे. म्हणजे बाग ज्या जागेवर उभी राहिली ती जागा निसर्गाने मोकळी ठेवलेली नव्हती. ती एका अर्थव्यवस्थेने टाकून दिलेली जागा होती. तिच्या मातीत काय होते हे समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

लिझ क्रिस्टी या चित्रकार जवळच राहत. कचऱ्याच्या ढिगात कोणी फेकलेल्या टोमॅटोंची रोपे आपोआप उगवून आलेली त्यांना दिसली, अशी हकिकत सांगतात. उगवू शकते एवढे त्या रोपांनी दाखवून दिले होते. क्रिस्टी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी आपल्या गटाला ‘ग्रीन गरिलाज’, म्हणजे हिरवे गनिमी सैनिक, असे नाव घेतले. कुंपण घातलेल्या रिकाम्या जागांमध्ये ते बियांचे गोळे फेकत. फुग्यात किंवा नाताळच्या झाडावर टांगतात तशा पोकळ काचेच्या गोळ्यात बी, थोडे खत आणि ओले पीट भरायचे आणि कुंपणावरून आत भिरकवायचे. या गोळ्यांची कीर्ती आज जगभर आहे. आमच्या मते मात्र त्यांचे महत्त्व बियांपेक्षा बातमीत अधिक होते. विटांच्या ढिगावर पडलेले बी रुजले तरी पहिल्या कडक उन्हात टिकेलच असे नाही. खरे काम वेगळे होते आणि ते फावड्याचे होते.

बॉवरी-हाउस्टनच्या कोपऱ्यावर या मंडळींनी कचरा उपसला, कुंपण घातले, देणगीदाखल मिळालेली माती आणून पसरली. हे सर्व परवानगीवाचून चालले होते आणि जागा महापालिकेची होती, त्यामुळे प्रथम अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला. गोष्ट वर्तमानपत्रांत गेली. अखेर एप्रिल १९७४ मध्ये महापालिकेच्या गृहनिर्माण खात्याने ही जागा महिना १ डॉलर भाड्याने त्यांना दिली. नाव ठरले ‘बॉवरी हाउस्टन सामुदायिक शेत आणि बाग’. साठ गादीवाफे तयार झाले आणि त्यांत पहिल्याने भाजीपाला लावला गेला.

गादीवाफा म्हणजे सभोवतालच्या जमिनीपेक्षा वर उचललेला वाफा. हळद, आले यांच्या लागवडीत आपल्याकडे तो निचऱ्यासाठी करतात. न्यूयॉर्कमध्ये तो का लागला हे पाहण्यासाठी त्या कोपऱ्यावरच्या मातीत जरा खोलवर उतरायला हवे.

शेतातली माती हजारो वर्षांत तयार झालेली असते. खडक झिजतो, त्यावर गवत वाढते, कुजते, गांडुळे ती वरखाली करतात. वरचा थर काळसर व भुसभुशीत, खालचा फिकट व घट्ट, त्याखाली मुरूम, अशी तिची रचना होते. पाडलेल्या इमारतीच्या जागी यातले काहीच नसते. तळघरात इमारतच ढकलून दिलेली असते. वर बुलडोझर फिरून सारे घट्ट दाबले गेलेले असते. अशा जागेत मोठ्या तुकड्यांमधून पाणी झरकन निघून जाते आणि दाबलेल्या थरावर मात्र ते तुंबून राहते. म्हणजे एकाच वाफ्यात एक रोप तहानेने मरते आणि हातभर अंतरावरचे दुसरे मुळे कुजून मरते.

दुसरी अडचण चुन्याची. जुना गिलावा व विटांमधला दर्जा यांत चुना असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते. ते मातीत मिसळले की मातीचा सामू वाढतो, म्हणजे माती अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह भरपूर असले तरी पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत उसावर पडणारा केवडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र अगदी ओळखीचे वाटेल. नवखा माळी पिवळे पान पाहून आणखी खत घालतो, पण उपयोग होत नाही. भरपूर कुजलेले सेंद्रिय खत घातले तर मात्र उपयोग होतो, कारण त्यातील आम्ले लोह धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोचते करतात.

या दोन्ही गोष्टी वर्गात सहज दाखवता येतात. शाळेच्या आवारातील माती सरळ बाजूंच्या काचेच्या बाटलीत तिसऱ्या हिश्शापर्यंत भरावी, वर पाणी आणि चिमूटभर धुण्याची पूड घालून जोरात हलवावी आणि बाटली ठेवून द्यावी. एक-दोन मिनिटांत वाळू तळाला बसते, काही तासांत पोयटा, आणि चिकणमाती बसायला एखादा दिवस, कधी जास्तही लागतो. थरांची जाडी पट्टीने मोजली की मातीची जडणघडण कळते. एक बाटली शेतातल्या मातीची आणि दुसरी बांधकामाशेजारच्या मातीची घेतली तर फरक न सांगता दिसतो. जुन्या गिलाव्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर तो कार्बन डायऑक्साइड, आणि तो कार्बोनेटमधून सुटला.

तिसरी अडचण अशी की ती वर्गात दाखवता येत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. ती म्हणजे शिसे. जुन्या घरांच्या रंगात शिशाची संयुगे असत. न्यूयॉर्क शहराने घरांसाठी असा रंग १९६० साली बंद केला, साऱ्या अमेरिकेत तो १९७८ साली बंद झाला, पण पाडलेल्या इमारतींवर त्याआधीचे थरावर थर होते. शिवाय पेट्रोलमध्येही शिशाचे संयुग मिसळले जाई आणि ते धुरावाटे रस्त्याकडेच्या मातीत येऊन बसे. अमेरिकेत रस्त्यावरील मोटारींसाठी असे पेट्रोल १९९६ साली पूर्ण थांबले, भारतात २००० साली. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, उडून जात नाही, मातीत झिरपून फारसे खालीही जात नाही. पन्नास वर्षांपूर्वी पडलेले शिसे आजही वरच्या वीतभर थरात असते.

मग त्या मातीतला टोमॅटो खावा की नाही? येथे रसायनशास्त्राचा एक गमतीदार पेच आहे. ज्या चुन्याने लोह अडवून धरले तोच शिसेही अडवून धरतो. अल्कधर्मी मातीत शिशाची संयुगे फारशी विरघळत नाहीत. सेंद्रिय पदार्थ आणि फॉस्फेट यांच्याशीही शिसे घट्ट बांधले जाते. त्यामुळे फळांत ते अगदी थोडे पोचते. पालेभाज्या आणि मुळे-गाजरे यांच्या बाबतीत काळजी अधिक, पण त्यातही पानावर उडालेली धूळ आणि मुळाला चिकटलेली माती हाच मोठा भाग. खरा धोका हातांचा आहे. लहान मूल मातीत खेळते आणि बोट तोंडात घालते. मातीत न विरघळणारे शिसे जठरातल्या आम्लात मात्र विरघळते, आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचे परिणाम होतात. म्हणून गादीवाफे. खाली जुनी जमीन झाकून टाकायची, वर बाहेरून आणलेली स्वच्छ माती आणि कंपोस्ट, आणि वाफ्यांमधल्या वाटांवर लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन, म्हणजे धूळ उडत नाही.

हे सारे आज आपण चार परिच्छेदांत सांगू शकतो. १९७४ साली फावडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे एकत्र कोठेच वाचायला मिळाले नसते. बागकामाची पुस्तके चांगल्या मातीपासून सुरू होत. म्हणून ग्रीन गरिलाजनी बागेतच प्रयोगाचे वाफे राखले. इतक्या प्रतिकूल जागेत कोणती झाडे तग धरतात, हे पाहण्यासाठी निरनिराळ्या वनस्पती लावून पाहिल्या. जे कळले ते सांगण्यासाठी तेथेच कार्यशाळा घेतल्या. रोपे वाटली. शहराच्या इतर भागांतून लोक येत, पाहत, हात लावून बघत आणि आपल्या गल्लीतल्या पडीक जागेवर तसे करू लागत. मग ही मंडळी तेथेही मदतीला जात. क्रिस्टी रेडिओवर बागकामाचा साप्ताहिक कार्यक्रमही करीत असत.

अशा जागेला आपण प्रात्यक्षिक बाग म्हणू. प्रदर्शनी बाग आणि प्रात्यक्षिक बाग यांत फरक आहे, आणि हा फरक शिकायला अमेरिकेला बराच वेळ लागला होता. त्यासाठी न्यूयॉर्क सोडून सत्तर वर्षे मागे, टेक्ससच्या कापसाच्या शेतात जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोतून एक सोंडकिडा टेक्ससमध्ये शिरला आणि कापसाची बोंडे पोखरू लागला. (आपल्या बोंडअळीशी याचा घोटाळा करू नये. ती पतंगाची अळी, हा भुंगेऱ्यांच्या जातीचा कीटक.) सरकारी शेतीशाळा होत्या, संशोधन केंद्रे होती, पत्रके निघत होती, पण शेतकरी बदलत नव्हते. सरकारी आदर्श शेत पाहून शेतकरी म्हणे, सरकारच्या पैशाने कोणालाही असे पीक काढता येईल. सीमन नॅप नावाचे सत्तरीतले कृषितज्ज्ञ होते, त्यांनी १९०३ साली टेरेल या गावाजवळ वेगळी युक्ती केली. शेत शेतकऱ्याचे, राबणार शेतकरीच, पद्धत मात्र नॅप सांगतील ती. नुकसान झाले तर भरून देण्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी निधी जमवला. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याने ही अट मान्य केली. वर्षअखेरीस त्याला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक नफा झाला आणि निधीला हात लावण्याची वेळच आली नाही. शेजाऱ्यांनी पाहिले ते सरकारचे शेत नव्हते, पोर्टरचे होते. त्याच्यासारखीच त्यांची जमीन होती, त्यांच्यासारखाच तो कर्जबाजारी होऊ शकत होता. या पद्धतीतून अमेरिकेची कृषिविस्तार सेवा उभी राहिली आणि १९१४ साली तिला कायद्याचे स्वरूप मिळाले. दरम्यान १९०६ साली अलाबामातील टस्कीगी संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी घोडागाडीवर अवजारे आणि बियाणे लादून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दारापर्यंत प्रात्यक्षिके नेण्याची व्यवस्था केली, हेही येथे नोंदवायला हवे.

खुद्द न्यूयॉर्कलाही ही कल्पना अगदी नवी नव्हती. १९०२ साली फॅनी पार्सन्स या बाईंनी मॅनहटनच्या पश्चिम किनाऱ्यावर, डी विट क्लिंटन उद्यानाच्या जागी, मुलांसाठी शेत सुरू केले. ती वस्ती गोदीकामगारांची आणि नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांची होती. मुलांना प्रत्येकी काही फूट लांबी-रुंदीचा स्वतःचा वाफा मिळे. मुळे, बीट, मका असली पिके असत. पार्सन्सबाईंनी स्पष्टच सांगून ठेवले होते की भाजी पिकवणे हा हेतू दुय्यम आहे. सार्वजनिक मालमत्ता आपली समजून जपणे, हिशेब ठेवणे, शेजाऱ्याच्या वाफ्याला हात न लावणे, श्रमाला कमी न लेखणे, हे त्यांना शिकवायचे होते. शिक्षक वाचकांना यात बरेच काही ओळखीचे वाटेल, आणि थोडे खटकेलही. कारण येथे शिकवणारा वर आणि शिकणारा खाली, ही मांडणी कायम होती. मुलांच्या आईबापांपैकी कितीतरी जण इटलीतल्या किंवा आयर्लंडमधल्या खेड्यातून आलेले, पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेले असणार. त्यांच्याकडून काही शिकावे असा विचार त्या योजनेत दिसत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, शहराच्या मध्यभागी ब्रायंट उद्यानात युद्धकाळातील भाजीपाल्याची नमुना बाग लावली गेली. तिचाही रोख वरून खाली असाच होता, आणि युद्ध संपल्यावर तिचे प्रयोजनही संपले. मुलांचे शेत १९३०च्या दशकापर्यंत टिकले, मग नदीकाठच्या उन्नत महामार्गाच्या कामात तेही गेले.

१९७०च्या दशकातला बदल येथे आहे. बॉवरीच्या आसपास आणि पूर्वेकडच्या गल्ल्यांत ज्यांनी बागा केल्या त्यांत पोर्तो रिको बेटावरून आलेली कुटुंबे होती, अमेरिकेच्या दक्षिणेकडून कापसाची शेते सोडून आलेल्या कृष्णवर्णीयांची मुलेबाळे होती, चिनी होते, आणि क्रिस्टींसारखे तरुणही. शेतीचे हातातले ज्ञान पहिल्या दोघांकडे अधिक होते. तरुणांकडे अर्ज कसा करायचा, वर्तमानपत्रात बातमी कशी द्यायची, हे ज्ञान होते. बाग उभी राहायला दोन्ही लागत. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या जागा दिवसातून दोनदा बदलत असतील असे आम्हांला वाटते.

अर्थात हातातले ज्ञानही नव्या जागी तपासून घ्यावे लागते. पोर्तो रिकोच्या जेवणात एक दाणा फार महत्त्वाचा असतो, त्याला ते ‘गांदुल’ म्हणतात. ती आपली तूरच. तुरीचे पारंपरिक वाण दिवस लहान होऊ लागल्यावर फुलावर येतात. पोर्तो रिको १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, साधारण सोलापूरच्या जवळपासच म्हणा, आणि तेथे हिवाळा कोमट असतो. न्यूयॉर्क ४१ अंशांच्या जवळ. उन्हाळ्यात तेथे दिवस पंधरा तासांचा होतो. तो पुरेसा लहान होईपर्यंत शरद ऋतू येऊन ठेपतो आणि शेंग भरण्याआधी थंडी गाठते. बेटावरच्या शेतकऱ्याचे ज्ञान चुकीचे नसते, पण ते त्याच्या अक्षांशाला बांधलेले असते. लवकर येणारा वाण शोधावा, की घरात रोपे वाढवून ती बाहेर लावावीत, की तूर सोडून मिरची आणि कोथिंबीर धरावी, हे त्या कोपऱ्यावर लावून पाहिल्याशिवाय ठरत नाही. आणि एकाने लावून पाहिले की दहा जणांचे वर्ष वाचते, अट एवढीच की त्याने आपले फसलेले पीकही दाखवायला हवे. प्रदर्शनी बागेत मेलेली रोपे रात्रीतून काढून टाकतात. प्रात्यक्षिक बागेत ती निदान आठवडाभर राहू द्यावीत, असे आमचे मत आहे.

स्वयंसेवकांच्या या पद्धतीला एक मर्यादा मात्र आहे आणि ती सांगायलाच हवी. पिवळे पान सगळ्यांना दिसते, त्यामुळे लोहाची कमतरता अनुभवातून कळू शकते. शिशाचे तसे नाही. शिसे असलेल्या मातीत टोमॅटो उत्तम लागतात. शंभर अनुभवी माळ्यांनी शंभर वर्षे अनुभव एकमेकांना सांगितले तरी शिसे सापडणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळा हवी, उपकरणे हवीत आणि खर्च करणारे कोणीतरी हवे. १९७७ साली अमेरिकी सरकारने सहा मोठ्या शहरांत नागरी बागकामासाठी १५ लाख डॉलरची तरतूद केली. त्यांत न्यूयॉर्क होते. नॅप यांच्या शेतातून जन्मलेली विस्तार सेवा अशा रीतीने शहरातल्या राडारोड्यावर पोचली. कृषी विद्यापीठांची माणसे बागांमध्ये येऊ लागली, मातीचे नमुने जाऊ लागले. पुढे शहरांची संख्या वाढली, पण १९९३ साली केंद्राचा हा स्वतंत्र निधी बंद झाला.

कॉर्नेल विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी न्यूयॉर्कमधील ५४ सामुदायिक बागांतून मातीचे ५०० हून अधिक नमुने तपासून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गादीवाफ्यांतील मातीत शिशाचे प्रमाण वाफ्याबाहेरच्या मातीपेक्षा कमी आढळले. म्हणजे स्वयंसेवकांनी चाळीस वर्षांपूर्वी धरलेली वाट बरोबर होती. पण बऱ्याच बागांत एखादा तरी नमुना आरोग्याच्या मर्यादेपलीकडचाही निघाला. बाहेरून आणलेली माती स्वच्छ असेलच असे नाही, आणि शेजारच्या उघड्या जमिनीवरची धूळ वाऱ्याने, पावसाच्या शिंतोड्याने वाफ्यात येत राहते. यावर शहराने अलीकडे जो उपाय काढला आहे तो आम्हांला फार आवडतो. उंच इमारतींचे पाये खोदताना पुष्कळ खोलीवरची वाळू आणि गाळ वर येतो. तो हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेला, माणसाचा स्पर्श न झालेला असतो. त्यात शिसे नाही, पण सेंद्रिय द्रव्यही नाही. महापालिका तो तपासून बागांना देते आणि त्यात शहराच्या ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट मिसळले की लागवडीजोगी माती तयार होते. एका इमारतीने खाल्लेल्या जमिनीची भरपाई दुसऱ्या इमारतीचा पाया करतो.

येथवर मातीचे झाले. जमिनीचे काय?

महिना १ डॉलर हे भाडे होते, मालकी नव्हे. १९७८ साली महापालिकेने ‘ग्रीन थंब’ नावाचा विभाग काढून बागांना जागा भाड्याने देण्याची रीतसर सोय केली, तरी जागा गरज लागताच परत घेण्याची अट कायम होती. बॉवरीपासून थोड्याच अंतरावर ॲडम पर्पल हे टोपणनाव घेतलेल्या एका विक्षिप्त गृहस्थाने १९७५ पासून वर्तुळाकार बाग रचली होती. सेंट्रल पार्कमधल्या घोडागाड्यांची लीद सायकलवरून आणून, राडारोड्यात मिसळून त्याने स्वतः माती तयार केली. बाग वाढत वाढत १५,००० चौरस फुटांची झाली. जानेवारी १९८६ मध्ये महापालिकेने बुलडोझर लावून काही तासांत ती साफ केली. तेथे गरिबांसाठी घरे बांधायची होती, आणि ती बांधलीही गेली. हा प्रश्न सोपा नाही. ज्या वस्तीत बागा होत्या त्याच वस्तीत घरांची चणचण होती. शिवाय बागांमुळे गल्ली राहण्याजोगी झाली, जागेचे भाव चढले आणि चढलेल्या भावांनी बागांवरच गदा आणली, हेही अनेक ठिकाणी घडले.

१९९९ साली महापौर रूडॉल्फ जुलियानी यांनी शंभरावर बागांच्या जागा लिलावात काढल्या. लोकांनी निदर्शने केली, काही जण टोमॅटो आणि सूर्यफुलांचे वेष घालून सभांना गेले. अखेर लिलावाच्या आदल्या दिवशी दोन संस्थांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलर देऊन त्या जागा विकत घेतल्या. त्यांतल्या एका संस्थेमागे बेट मिडलर ही गायिका-अभिनेत्री होती. फेब्रुवारी २००० मध्ये पूर्व सातव्या रस्त्यावरची ‘एस्पेरान्सा’ ही बाग मात्र पाडली गेली. त्या नावाचा अर्थ आशा. २००२ साली राज्याचे महाधिवक्ता आणि नवे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्यात तडजोड होऊन बहुसंख्य बागांना संरक्षण मिळाले आणि काही जागा घरांसाठी गेल्या.

बॉवरीची बाग या सर्वांतून वाचली. लिझ क्रिस्टी १९८५ साली कर्करोगाने वारल्या, वयाच्या चाळिशीच्या आसपास. पुढल्या वर्षी बागेला त्यांचे नाव देण्यात आले. आज तेथे गेले तर भाजीचे वाफे थोडे आणि झाडे अधिक दिसतात. तळे आहे, त्यात मासे आणि कासवे आहेत, फळझाडे आहेत, रानफुलांचा एक पट्टा आहे. झाडे वाढली तशी सावली वाढली, आणि सावलीत टोमॅटो होत नाहीत. आता तेथे शिकायचे ते सावलीतले बागकाम.

त्या झाडांत एक मेटासिक्वोया आहे. हा सूचिपर्णी वृक्ष असूनही हिवाळ्यापूर्वी त्याची सारी पाने गळतात. १९४१ साली जपानी शास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांनी केवळ जीवाश्मांवरून या प्रजातीचे वर्णन केले, तेव्हा ती कधीच नामशेष झाली असे सर्वांना वाटत होते. त्याच दशकात चीनच्या एका दुर्गम खोऱ्यात तिची जिवंत झाडे आढळली. १९४८ साली त्यांचे बी अमेरिकेतील अर्नोल्ड वृक्षोद्यानात आले. वृक्षोद्यानाने ते स्वतःपाशी न ठेवता पाकिटे करून जगभरच्या बागांना आणि संशोधकांना टपालाने वाटून टाकले. पंचवीस-तीस वर्षांत ही झाडे रोपवाटिकांमध्येही मिळू लागली. दर शरद ऋतूत बॉवरीच्या कोपऱ्यावरचा हा वृक्ष आपली तांबूस झालेली पाने गाळतो आणि ती खालच्या मातीत, विटांच्या तुकड्यांवर, कुजत राहतात.